अर्चनाची उभी मीटिंग

आमच्या सौंसरात रस्त्यात कोणी भेटलं की ‘काय चालू आहे?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघतात. नामदेवराव ढोक्यांची अर्चना विचारायची, “काय अडलं?” आणि थांबायची. उत्तर मिळाल्याशिवाय समोरच्या माणसाला ती हलू द्यायची नाही. सुरुवातीला लोक दचकले. सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला हे असं अडवून विचारणं काही बरं नाही, असं आमच्या हिनेही मला दोनदा ऐकवलं. पण हळूहळू गल्लीला सवय झाली, आणि मग लोक खरीखुरी उत्तरं द्यायला लागले. कोणाचा नळ आला नव्हता, कोणाचं आधार कार्ड लिंक होत नव्हतं, कोणाच्या सुनेचं बोलणं बंद होतं.

कोपऱ्यावरचा गिरणीवाला भाऊराव तिला पहिल्यांदा म्हणाला तेव्हा चेष्टेतच म्हणाला होता, “पट्टा अडला ना बापा. आठ दिवस झाले, घसरून राहिला. आता तू काय करशील?”

“मी पाहते,” ती म्हणाली.

आणि खरंच पांढुर्ण्याहून मिस्त्री घेऊन आली. भाऊरावाला त्या दिवशी फार लाज वाटली, कारण मिस्त्री त्याच्या साडूच्याच ओळखीचा निघाला. तेव्हापासून तो तिच्यापुढे जरा जपून बोलायचा.

मी तिच्या समोरच्या घरात राहतो. सरकारी शाळेत मराठी शिकवतो. मध्यप्रदेशात मराठी शिकवणाऱ्या माणसाला कोणी फारसं काही विचारत नाही, त्यामुळे गल्लीत काय चाललंय ते पाहायला मला भरपूर वेळ असतो. अर्चना मला लहानपणापासून माहीत. अंगणातल्या चिंचेवरून पडून तिनं हात मोडून घेतला होता तो दिवसही मला आठवतो. शिकली, पुण्याला गेली, आणि तिथं कॉम्प्युटरच्या कंपन्यांमध्ये तिनं वीसेक वर्षं काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्या बायकांनाही ती तेच विचारायची, “त्यानं तुमचं काय अडलं, काकू?” काकू पुन्हा विचारत नसत.

ती पुण्यात नेमकं काय करते हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा सुट्टीत आली असताना मी म्हटलं, “म्हणजे तू मुकादम आहेस का?”

“मुकादम नाही, गुरुजी. मुकादम हुकूम सोडते. मी कोणालेच हुकूम देत नाही. दहा जण मिळून एक काम करून राहिले ना, त्याईले रोज सकाळी विचारायचं. काल काय केलं, आज काय करता, काय अडलं. जे अडलं ते मी बाजूले करायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण लोक अडलं ते सांगतच नाहीत. तेच काम आहे सारं.”

या एवढ्याशा कामाला पगार कोण देतं, असं मला वाटलं होतं. तिला तसं बोललो नाही.

मग नामदेवरावांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अर्चना पंधरा दिवसांची रजा काढून आली आणि परत गेलीच नाही. आई तर आधीच वारलेली, भावंडं नव्हती. बोरगावची संत्र्याची बाग बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिली, ओसरीत नामदेवरावांची, तिच्या बाबूजींची, खाट मांडली आणि आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवून ती पुण्याचं काम इथूनच करू लागली. कंपनीनं काही काळ चालू दिलं. नंतर सगळ्यांनी ऑफिसात यावं असा निरोप आला. ती जाऊ शकत नव्हती. नोकरी सुटली. गल्लीत हे कळलं ते फार नंतर, कारण तिनं कोणाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याला रोज ‘काय अडलं’ विचारणारी ही बाई स्वतःचं अडलेलं कधीच सांगायची नाही. कोणी उलट विचारलं तर ठरलेलं उत्तर, “माहं काही नाही अडलं.” मला तिचा या एका गोष्टीसाठी राग यायचा. अजूनही येतो.

नोकरी गेल्यावर तिनं घरात वर्ग सुरू केला. सौंसर, मोहगाव, पांढुर्णा इकडची पोरंपोरी डिग्री घेऊन घरी बसलेली असतात. त्यांना प्रोजेक्टवर काम करणाऱ्या टीममध्ये कसं वागतात ते शिकवायचं आणि ती करायची त्या कामाच्या पहिल्या सर्टिफिकेटची तयारी करून घ्यायची, असा तो वर्ग होता. मॅडम म्हटलेलं तिला चालत नसे. “टीममध्ये मॅडम नसते, ताई म्हणा,” असं ती पहिल्याच दिवशी सांगायची.

वर्ग सकाळी आठला ओसरीत सुरू व्हायचा, बाबूजींच्या खाटेभोवती, आणि सुरुवात उभ्यानं व्हायची. बसलं की माणूस लांबण लावतो, असं तिचं म्हणणं. पोरं याला उभी मीटिंग म्हणायची. भिंतीवर संत्र्याच्या खोक्यांच्या पट्ट्या ठोकून तिनं फळा केला होता. त्याचे तीन भाग होते. पहिल्यावर ‘करायचं’, शेवटच्यावर ‘झालं’, आणि मधल्यावर ‘करून राहिलो’. मी मराठीचा मास्तर. फळ्यावर ते पाहून ‘करतो आहे’ असं सुधारायला माझा हात खडूकडे गेला होता. ती हसून म्हणाली, “राहू द्या, गुरुजी. आपण जसं बोलतो तसंच काम करतो.” मधल्या भागात एका माणसाच्या दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या चालत नसत. फळ्यावर बाबूजींच्याही चिठ्ठ्या असायच्या. मालिश, औषध, दाढी.

गोल करून उभ्या पोरांनी एकामागून एक बोलायचं. कोणी ‘अडलं’ म्हटलं की दुसऱ्या कोणीतरी ‘मी पाहतो’ म्हणायचंच, त्याशिवाय मीटिंग पुढे सरकायची नाही. पोरांना हे जड जायचं. आमच्या घरांमध्ये सकाळी सकाळी अडचण बोलून दाखवणं म्हणजे रडगाणं. बापासमोर तर नाहीच. पहिला आठवडाभर सगळे एकसुरात सांगायचे, “काही नाही अडलं, ताई.” ती ऐकून घ्यायची आणि उभी राहायची. कोणीतरी कंटाळून खरं बोलेपर्यंत उभी राहायची.

गोलात बाबूजींचीही पाळी येई. त्यांच्यापाशी आल्यावर ती म्हणायची, “बाबूजी, काय अडलं?” आणि सगळ्यांना थांबवायची. बाबूजी डोळे मिटून पडलेले असत, कधी डावा हात थोडा हलायचा. एखाद्या माणसाला बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती जाऊ द्यायची, मग म्हणायची, “बरं,” आणि पुढच्याकडे वळायची. मी हे खिडकीतून पाहायचो. पहिल्या दिवशी मला ते जरा जास्तच वाटलं. नंतर त्या थांबण्याची मला सवय झाली आणि ते झाल्याशिवाय माझाही दिवस सुरू होईनासा झाला.

सर्टिफिकेटांचा घोळ मला तिच्या वर्गात कळला. सुरुवातीची म्हणावी अशी मुख्यतः दोन. एकासाठी दोन दिवसांचा वर्ग करावाच लागतो, नागपूरला जाऊन बसायचं. फी भारी, पण वर्ग नीट केला की परीक्षा फारशी जड नाही, आणि ठराविक काळानं ते पैसे भरून पुन्हा ताजं करावं लागतं. दुसऱ्याला वर्गाची सक्ती नाही. घरी बसून नियमांचं पुस्तक घोकायचं, ऑनलाइन परीक्षा द्यायची. ती मात्र अवघड. पास झालात की कायमचं. पोरं तासन् तास यावर भांडायची, कोणतं चांगलं, कोणतं कंपनीवाले जास्त मानतात.

अर्चनानं त्या दोघांना आमच्याकडची नावं देऊन टाकली. पहिलं आंबिया, दुसरं मृग. संत्र्याच्या झाडाला हे दोन बहार येतात आणि एका झाडावर एकच घ्यायचा असतो. आंबियाची फळं उन्हाळाभर पाणी देऊन जगवावी लागतात. मृगाच्या बहारासाठी झाडाचं पाणी ऐन उन्हात तोडतात, पानं मलूल होईपर्यंत झाड ताणावर ठेवतात, मग पाऊस आला की ते फुलतं.

“आंबियाले विहिरीत पाणी पाहिजे,” ती सांगायची, “अन् मृगाले झाडात दम पाहिजे. कोणतं चांगलं हे मले नका विचारू. तुमच्या घरी विहीर आहे का, ते पाहा.”

मोहगावची रुपाली नावाची मुलगी होती. बारीक, चष्मा, बोलणं कमी. तिचा बाप एकदा वर्गात येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर काढून, हात मागे बांधून. त्यानं सरळ विचारलं, “ताई, या सर्टिफिकेटानं पोरीले नौकरी भेटते का?”

असा प्रश्न आला की नागपूरचे क्लासवाले काय उत्तर देतात ते सगळ्यांना माहीत आहे. अर्चना म्हणाली, “नाही भेटत, दादा. दरवाजापर्यंत नेते. आत तिचं तिले जा लागते.”

“मंग घ्यायचं कायले?”

“दरवाजा दूर आहे म्हणून.”

त्या माणसानं मागे बांधलेले हात सोडले. मग मुलीला म्हणाला, “हे बाई खोटं नाही बोलत. इथंच शीक.” रुपालीनं मृग धरला. घरी विहीर नव्हती, म्हणजे फी भरण्याची ऐपत नव्हती, पण मुलीत दम होता. पहिल्या खेपेलाच पास झाली आणि पुढे नागपूरला एका टीममध्ये लागली. रोज सकाळी तिथंही उभी मीटिंग होते, फक्त तिथं इंग्रजीत बोलतात, असं तिनं फोनवर सांगितलं. अर्चनानं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले, आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं बोलत होती.

मग तिची स्वतःची पाळी आली.

भोपाळच्या एका कंपनीनं तिला विचारलं होतं. काम बरंचसं घरूनच करायचं, महिन्यातून एखादी फेरी. अशी नोकरी तिला पुन्हा मिळणार नव्हती. अट एकच होती, सुरुवातीचं सर्टिफिकेट तरी हवं, आणि ते ठरलेल्या तारखेच्या आत हवं. वीस वर्षं ते काम केलेल्या बाईकडे तो कागदच नव्हता. तिच्या काळी कोणी विचारायचं नाही. आता मधे एवढा खंड पडल्यावर कंपनीला काहीतरी धरायला हवं होतं.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती दारात तांदूळ निवडत होती. “शिकवलेल्या पोराईच्या रांगेत उभं राहा लागते, गुरुजी,” ती म्हणाली, “पण त्याचं काही नाही. नियम सारखेच असले पाहिजेत.” आवाज नेहमीचाच होता. तांदळातले खडे मात्र ती पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी शोधत होती.

नागपूरचा दोन दिवसांचा वर्ग तिला सोपा गेला असता. पण दोन दिवस बाबूजींना कोणाच्या हाती द्यायचं? आमची ही म्हणाली, “मी आहे ना, अर्चना.” भाऊराव म्हणाला, “मी रात्री झोपतो ओसरीत.” ती ऐकून हसली आणि म्हणाली, “नाही, माहं काही अडलं नाही. मी मृगच धरते.” तिला बाबूजींना दुसऱ्याच्या हातानं पाणी पाजवू द्यायचं नव्हतं, असं मला वाटतं. किंवा मदत घ्यायची तिला सवयच नव्हती.

परीक्षेचे नियम कडक होते. कॅमेरा सुरू ठेवायचा, खोलीत एकटीनं बसायचं, खुर्ची सोडायची नाही, दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर परीक्षा बाद. तारीख मिळाली ती अगदी शेवटच्या आठवड्यातली, सकाळी दहाची. बाद झाली तर पुन्हा द्यायला दिवस उरणार नव्हते.

गल्लीला हे रुपालीनं सांगितलं. ती रजा घेऊन मुद्दाम आली होती. मग काय, गल्लीनं ठरवलं की अर्चनासाठी त्या दिवशी चूं आवाज होऊ द्यायचा नाही. सर्वांच्या घरी आदल्या दिवशीच निरोप गेला. भांडी नऊच्या आत घासायची, टीव्ही बंद, दारावर येणाऱ्या भाजीवाल्याला तिठ्यावरच थांबवायचं. भाऊराव स्वतः उठून म्हणाला, “गिरणी बंद ठेवतो. दोन घंटे बंद ठेवली तर कोणी उपाशी नाही मरत.” सगळ्यांना त्याचं फार कौतुक वाटलं, कारण पट्टा घसरला ती वेळ सोडली तर त्याची गिरणी सहसा बंद राहत नाही.

त्या दिवशी मी आणि रुपाली बाबूजींच्या खाटेजवळ बसलो होतो. बोलायचं नाही, असं आम्हाला बजावलेलं. भाऊराव ओसरीच्या पायरीशी उभा होता, हातांची घडी घालून, मान खाली. दोन-तीन म्हातारी माणसं काय चाललंय ते पाहायला आली, तीही न बोलता भिंतीला टेकून उभी राहिली. आमची ही पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्यात बसली. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. अर्चना आत होती.

गल्ली एवढी शांत मी आधीही पाहिली होती. पण कधी पाहिली होती, ते मला त्या वेळी आठवलं नाही. आठवायला हवं होतं.

आमच्याकडे भाऊराव गिरणी मुद्दाम बंद ठेवतो ती फक्त एकाच कारणानं. गल्लीत कोणी गेलं तर.

बाबूजींनी डोळे उघडले. बराच वेळ ते छताकडे पाहत ऐकत होते. गिरणीचा आवाज नव्हता. भांड्याचा नव्हता. मग त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी मास्तर आहे. चुप्प राहा म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी भाऊरावाकडे पाहिलं, त्याची मान खाली. उंबऱ्यात डोक्यावर पदर घेतलेली बाई. दारात लोक. आणि या सगळ्यांत त्यांची मुलगी कुठंच नव्हती.

डावा हात त्यांनी खाटेच्या काठावर आपटला. मी तो धरला. त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला. तोंड वेडंवाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताठल्या, आणि झटका आल्यापासून ज्या माणसाच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं तो माणूस ओरडला, “अर्चे!”

रुपालीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

“अर्चे… कोण… गेलं?”

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिला बसून राहता आलं असतं का? कदाचित एका हाकेनं परीक्षा बाद झालीही नसती. तिनं तो विचार केला असेल असं मला वाटत नाही. दार उघडलं आणि ती बाहेर आली, खाटेपाशी गुडघ्यावर बसली.

“मी आहो, बाबूजी. इथंच आहो. कोणी नाही गेलं.”

“गिरणी…”

“गिरणी माह्यासाठी बंद ठेवली. परीक्षा होती. कोणी नाही गेलं, बाबूजी. सारे आहेत.”

बाबूजींनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि ते रडायला लागले. तीही रडत होती. उघड्या दारातून मला टेबलावरचा लॅपटॉप दिसत होता. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली होती. रुपाली आत जाऊन वाचून आली आणि तिनं माझ्याकडे पाहून नुसती नकारार्थी मान हलवली. भाऊराव पायरीवर मटकन बसला. आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं भलं करायला घेतलं होतं.

अर्चना उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. ती म्हणाली, “गुरुजी, बाबूजी बोलले. ऐकलं ना तुम्ही? स्पष्ट बोलले.” मग भाऊरावाला म्हणाली, “उठा, भाऊ. गिरणी सुरू करा.”

दुसऱ्या दिवशी आठला उभी मीटिंग झाली. तिच्या नावाची ‘परीक्षा’ लिहिलेली चिठ्ठी ‘करून राहिलो’मध्ये होती. तिनं ती काढून ‘झालं’मध्ये लावली.

“ताई, झालं नाही ना ते,” रुपाली म्हणाली.

“झालं. बाद झालं, तेही झालंच.” मग ती नेहमीच्या सुरात म्हणाली, “काल परीक्षा दिली. आज बाबूजीचे कपडे धुणार. माहं काही नाही अडलं.”

मला खिडकीतून ओरडावंसं वाटलं. भोपाळची नोकरी गेलेली, वय वाढत चाललेलं, आणि ही म्हणते काही नाही अडलं. मी ओरडलो नाही, कारण तेवढ्यात बाबूजींची पाळी आली होती. ती थांबली. सगळे थांबले. आणि बाबूजी म्हणाले, “गिरणी… चालू.”

त्यानंतर ते रोज तेवढंच सांगायचे. एकदा ‘चहा’ म्हणाले, एकदा माझं नाव घेतलं. पण मीटिंगमध्ये मात्र ‘गिरणी चालू’ हेच, आणि ते ऐकता यावं म्हणून भाऊराव आठच्या आधी न चुकता गिरणी सुरू करायला लागला.

आंबियाची संत्री उतरायला लागली तेव्हा बाबूजी गेले. झोपेतच गेले. गिरणी बंद झाली, गल्ली पुन्हा तशीच गप्प झाली. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा अर्चना पायऱ्या उतरून भाऊरावासमोर उभी राहिली.

“भाऊ, गिरणी चालवा.”

“आज? लोक काय म्हणतीन?”

“बाबूजीले चुप्पीची भीती वाटते. गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत चालवा.”

म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. भाऊरावानं कोणाकडे पाहिलं नाही. गिरणी रिकामी फिरवत नाहीत, म्हणून त्यानं घरातलीच ज्वारी आणून ओतली आणि बटण दाबलं. त्या आवाजात आम्ही नामदेवरावांना घेऊन निघालो. मला मागे वळून पाहवलं नाही.

पुढं फार सांगण्यासारखं नाही. आता थांबायला कारण नव्हतं. नागपूरला जाऊन तिनं आंबियाच धरला, दोन दिवसांचा वर्ग केला, परीक्षा पास झाली. भोपाळच्याच दुसऱ्या एका कंपनीनं घेतलं, पण जागा खालची होती आणि रोज ऑफिसात जायचं होतं. घराची किल्ली आमच्या हिच्याकडे दिली. वर्ग रुपाली शनिवार-रविवार येऊन चालवणार असं ठरलं. पोरांनी तिला पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सोडायला जीप केली, आणि मी आणि भाऊरावही त्यात कोंबून बसलो.

गाडीनं अजून आधीचं नरखेड स्टेशन सोडलं नव्हतं. पोरं गप्प, आम्ही गप्प. तिलाच ते सहन झालं नसावं. “उभेच आहो सारे,” ती म्हणाली, “तर मीटिंग घेऊन टाकू.” तसा बाकाजवळ गोल झाला. पोरांनी आपापलं सांगितलं. भाऊरावानं जन्मात पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलताना टोपी काढली आणि सांगितलं की त्याची गिरणी चालू आहे. मी सांगितलं की माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले आहेत आणि नंतर काय करायचं ते अडलं आहे. “वर्गात मराठी शिकवा,” एक पोरगा म्हणाला, “मी पाहतो.” सगळे हसले.

मग रुपाली म्हणाली, “ताई, तुमचं राहिलं.”

“काल बाबूजीची खाट बांधून ठेवली,” ती म्हणाली. “आज भोपाळले जाऊन राहिली.” आणि ती थांबली.

“काय अडलं, ताई?”

मी मनात ते ठरलेलं उत्तर म्हणूनसुद्धा टाकलं होतं. रूळ थरथरायला लागले होते. अर्चनानं आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

“अडलं ना,” ती म्हणाली. “पाय नाही निघून राहिला.”

गाडी येऊन उभी राहिली. दारं उघडली, लोक चढले-उतरले. नियम असा होता की कोणीतरी ‘मी पाहतो’ म्हटल्याशिवाय मीटिंग सुटत नाही. भाऊराव टोपी चुरगाळत होता.

रुपाली वाकली. तिनं अर्चनाची बॅग उचलली, दोन्ही हातांनी ती डब्याच्या दारात चढवली आणि मागे वळून म्हणाली, “मी पाहते, ताई.”

अर्चना बॅगेमागून डब्यात चढली.